जावळाची टोपी

अलिपियो युक्राच्या हातात सुया नाहीत असं सरोवरातल्या आमच्या बेटावर कुणी पाहिलं असेल, तर ते फक्त चर्चमध्ये. एरवी गडी चढण चढत असो, धक्क्यावर बोटीची वाट बघत असो, मेंढ्या वळत असो की बायकोशी वाद घालत असो, लोकरीचा धागा मानेवरून घेतलेला आणि बोटं चालूच. बेटावर टोप्या बाप्यांनी विणायच्या. बायका मागावर कंबरपट्टे विणतात आणि नवऱ्याची टोपी सैल निघाली तर चारचौघींत हसतात. त्यामुळे पोरगं धड चालायला लागलं की बाप त्याच्या हातात सुया देतो, आणि मिसरूड फुटेपर्यंत त्याची टोपी कशी होते यावर त्याची किंमत ठरते.

जूनमध्ये, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, बटाटे निघाले की जमीन टणक होते आणि शेतात काही काम उरत नाही. रात्री असा गारठा की हंड्यातलं पाणी दगड होतं. दिवसा मात्र ऊन चटके देतं. मग सगळे बाप्ये उन्हाकडे तोंड करून भिंतीला टेकतात आणि जुलैअखेरच्या सांतियागोच्या जत्रेपर्यंत विणत बसतात. अलिपियो तर घाऊक विणायचा. थोरल्या भावाला एक, धाकट्याला एक, बाप्तिस्म्यातल्या धर्मपुत्रांना, मेव्हण्यांना, आणि लहानपणापासूनचा दोस्त सिल्वेरियो, त्याला दरसाल एक नवी. जत्रेच्या दिवशी वाटायचा. ज्याला मिळाली तो चौकातून जाताना टोपीचा लांब शेंडा मुद्दाम पुढे ओढून घ्यायचा, की बघा, अलिपियोच्या हातची. दुसऱ्या कुणाच्या टोपीचं कौतुक अलिपियोसमोर कुणी करत नसे. करायची गरजच पडत नसे म्हणा.

मग त्याच्या लेकीचं, देल्फिनाचं, लग्न ठरलं आणि सगळी गंमत संपली.

आमच्याकडे नवरदेवाने स्वतः विणलेली टोपी सासऱ्याने उलटी धरून तिच्यात पाणी भरायचं असतं. टोपी गळली म्हणून हल्ली लग्न मोडत नाही, पण 'गळकी टोपी' हे नाव जन्मभर चिकटतं. अलिपियोने जावयाच्या, एर्मेनियोच्या, टोपीत स्वतःच्या हाताने मडकं रिकामं केलं. टोपी उंच धरली. खालून बोट फिरवलं. बोट कोरडं. लोकांनी आरोळ्या ठोकल्या. जावई चांगला निघाला म्हणून अलिपियोही हसला, आणि हसता हसता विचारून बसला, "कुणी शिकवलं रे एवढं घट्ट विणायला?"

"बाबांनी," एर्मेनियो म्हणाला.

बाबा म्हणजे फिदेन्सियो मार्का. बुटका, अबोल, बेटाच्या पलीकडच्या अंगाला राहणारा माणूस. तो तेव्हा गर्दीच्या मागे काडीने दात कोरत उभा होता. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. अलिपियोने पाहिलं. आणि तेव्हापासून फिदेन्सियोचं नाव निघालं तरी त्याला खपेना.

रीतीप्रमाणे देल्फिना सासरी गेली. तिला मुलगा झाला, नेस्तोर. म्हणजे नातूही फिदेन्सियोच्याच अंगणात रांगायला लागला. अलिपियोला तो दिसायचा रविवारी चर्चबाहेर, तेवढाच. तेवढ्या वेळातही पोरगं दुसऱ्या आजोबाच्या पायाला मिठी मारून उभं. अलिपियोने हात पसरले की ते तोंड लपवायचं. हा पोरगा मोठा होऊन कुणाला आजोबा म्हणणार, या विचाराने अलिपियोचा जीव जळायचा, आणि तो राग सगळा फिदेन्सियोवर निघायचा. बाप्ये भेटले की एकमेकांना चघळायला मूठभर कोकाची पानं देतात. फिदेन्सियोच्या पिशवीतून अलिपियो दोन बोटांच्या चिमटीत येतील तेवढीच पानं उचलायचा, तीही नाक मुरडून.

यंदाच्या हिवाळ्यात नेस्तोरचं जावळ काढायचं ठरलं. इतके दिवस वाढवलेले, गुंतलेले केस. जत्रेच्या आठवड्यात धर्मपिता पहिली बट कापणार, मग एकेक पाहुणा. आणि जावळ उतरलं की त्या उघड्या डोक्यावर पहिली टोपी आजोबाची. कुठल्या आजोबाची, हे मात्र रीतीत कुठे सांगितलेलं नाही, कारण त्यावरून कुणाचं कधी भांडण झालं नव्हतं.

जूनच्या एका रविवारी नेस्तोर चर्चबाहेर छोटीशी टोपी घालून आला. तांबडा काठ, वर पांढरा शेंडा. म्हातारे जमले, टोपी काढून आतून-बाहेरून बघायला लागले. सिल्वेरियोचं तोंड कधीच ताब्यात नव्हतं. तो लांबूनच ओरडला, "अलिपियो, अरे, हे तुझंच काम ना? आतली बाजू बघ, बाहेरच्यापेक्षा देखणी!"

"माझं नाही," अलिपियो म्हणाला.

"मग कुणाचं?"

"मला काय विचारतोस? डोळे फुटलेत का तुझे? ज्याच्या अंगणात पोर आहे त्याचं."

"फिदेन्सियोचं?" सिल्वेरियोने टोपी पुन्हा उलटी केली. "आयला. बेमालूम आहे रे. तुलाही गुंडाळून ठेवील हा."

अलिपियो त्या दिवशी देवाच्या दारातून सरळ घरी आला तो न जेवताच सुया घेऊन बसला. त्याची बायको सातुर्नीना बटाट्याचं सूप वाढून त्याच्यापुढे उभी राहिली.

"कुणावर राग आहे? सुपावर?"

"जावळाची टोपी मी विणणार. नातवाच्या डोक्यावर माझीच टोपी जाईल."

"जाईल की. कोण नाही म्हणतंय?"

"तो विणत असणार. गुपचूप. मला ठाऊक आहे त्याची जात."

"मग जाऊन विचारा. तुमचा व्याही आहे तो, कुणी दरोडेखोर नाही."

"मी? मी जाऊन त्याला विचारू?" अलिपियोने असं तोंड केलं की सातुर्नीनाने वाडगा उचलून नेला आणि सूप कोंबड्यांना घातलं.

तेव्हापासून अलिपियो दुसरं काही विणेना. नेहमीच्या सुया त्याला जाड वाटायला लागल्या. बेटावर सायकल नावाला नाही, पण पलीकडच्या काठावरच्या पुनोच्या बाजारातून त्याने सायकलच्या चाकाच्या तारा मागवल्या आणि दगडावर घासघासून केसासारख्या बारीक केल्या. लोकर सातुर्नीनाकडून इतकी बारीक कातून घेतली की तिची बोटं सुजली. काठावर मासे घेतले, त्यावर पक्षी, त्यावर सहा पाकळ्यांचं फूल. पक्ष्यांपर्यंत आला, एक टाका मनासारखा बसला नाही, सगळं उसवलं. पुन्हा फुलापर्यंत आला, पुन्हा उसवलं. टाके इतके आवळायचा की संध्याकाळी हाताची मूठ उघडत नसे.

सिल्वेरियो येऊन भिंतीला टेकायचा. त्याच्या टोपीला कानाजवळ भोक पडलं होतं आणि त्यातून त्याचा कान लालभडक दिसायचा.

"माझी टोपी कुठवर आली, अलिपियो?"

"होईल."

"दरसाल या वेळेला शेंड्यापर्यंत आलेली असते. औंदा अजून काठ दिसत नाही."

"होईल म्हटलं ना! एक टोपी काय, जीव चाललाय का तुझा?"

"जीव नाही, कान चाललाय," सिल्वेरियो म्हणाला आणि उठून गेला. थोरल्या भावाचा निरोप आला, त्यालाही हेच उत्तर गेलं. धर्मपुत्र बिचारे निरोप पाठवायलाही बिचकले.

मेंढ्यांना इकडे घरामागे चांगला चारा होता. तरी अलिपियो त्यांना हाकत बेटाच्या पलीकडच्या अंगाला, वरच्या बांधावर न्यायला लागला. तिथून फिदेन्सियोचं अंगण तळहातासारखं दिसतं. दगडाआड बसून तो खाली बघायचा. फिदेन्सियो कोपऱ्यात उन्हाला बसलेला, नेस्तोर त्याच्या पाठीवर चढतोय, लोकरीचा गुंडा पळवतोय, आणि हा माणूस न रागावता धागा परत गुंडाळून विणतोय. तांबडी लोकर. बारीक. फार बारीक. एवढ्या लांबून टाके दिसत नव्हते, पण कोपर इतकं कमी हलतंय म्हणजे काम केवढं नाजूक असेल हे अलिपियोला कळत होतं. एकदा नेस्तोर त्याच्या मांडीवर झोपून गेला. फिदेन्सियोने विणणं थांबवून स्वतःची शाल त्याच्यावर घातली. ते बघून अलिपियोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुठल्या प्रेमाबिमाचं नव्हतं. ती मांडी आपली नाही, याचं होतं. त्याने एका मेंढीला उगाचच खडा मारला.

"आज काय दिसलं?" सातुर्नीना विचारायची.

"काठ संपला त्याचा. तांबडंच चाललंय अजून."

"आणि आपली देल्फिना दिसली का? तिला ताप होता म्हणे परवा."

अलिपियोने देल्फिनाकडे पाहिलंच नव्हतं.

जत्रा आली. अलिपियोची टोपी झाली होती, आणि खोटं कशाला बोला, तशी टोपी बेटाने पाहिली नव्हती. हातात धरली तर भोपळ्याच्या कवचासारखी ताठ उभी राहायची. यंदा जत्रेत अलिपियोने दुसरी एकही टोपी वाटली नाही. भाऊ जुनीच घालून आले. सिल्वेरियो भोकाच्या टोपीत आला आणि भोकावर त्याने बायकोच्या शालीचं टोक दाबून धरलं होतं.

जावळाच्या दिवशी फिदेन्सियोच्या अंगणात माणूस मावेना. चुलीवर किनोआच्या दाण्यांचं सूप, तळलेले मासे, उकडलेल्या बटाट्यांचा ढीग. नेस्तोर आईच्या मांडीवर, केसांच्या जटांना रंगीत फिती बांधलेल्या. धर्मपित्याने कात्री उचलली तोच अलिपियो पुढे झाला.

"थांबा," तो म्हणाला. "आधी टोपी बघू."

लोकांना वाटलं, दाखवायची असेल. अलिपियोने टोपी उलटी करून तिचा काठ मुठीत धरला. "पाणी आणा."

हशा पिकला. फिदेन्सियो हळूच म्हणाला, "व्याहीबुवा, लेकराचं लग्न नाही आज. नुसते केस कापायचेत."

"माहीत आहे मला. पण पहिली टोपी जी जाईल ती गळकी नको. तुमचीही आणा. दोन्हींत पाणी घालू, सगळ्यांसमोर. जी टिकेल ती नातवाच्या डोक्यावर."

देल्फिना मान खाली घालून पुटपुटली, "बाबा, काय हे." फिदेन्सियोने अलिपियोच्या हातातल्या उलट्या टोपीकडे पाहिलं.

"माझी राहू द्या," तो म्हणाला. "माझी गळेल."

कित्येक वर्षं ऐकायचे होते ते दोन शब्द अलिपियोने ऐकले. त्याने स्वतः मडकं उचललं आणि टोपी काठोकाठ भरली. मग ती घेऊन तो एकेका पाहुण्यापुढे फिरला. ज्याने त्याने खालून बोट लावून पाहिलं. कोरडं. सिल्वेरियोने तर गाल लावून पाहिला आणि "मानलं, बाबा," म्हणाला. फिदेन्सियोपुढे अलिपियो सगळ्यांत जास्त वेळ उभा राहिला. फिदेन्सियोनेही बोट लावलं आणि मान डोलावली. अलिपियोला तेव्हा आकाश ठेंगणं झालं होतं. पाणी त्याने कोपऱ्यात ओतून टाकलं आणि टोपी काखेत धरून बसला.

केस कापायला बराच वेळ लागला. पाहुणे पुष्कळ, प्रत्येकाची एक बट, प्रत्येकाचं आधी थोडं भाषण. शेवटची जट उतरली तोवर ऊन डोंगराआड गेलं होतं आणि सरोवरावरून वारा सुटला होता. केसांखालून नेस्तोरचं डोकं निघालं ते एवढंसं, पांढुरकं, सोललेल्या अंड्यासारखं. वारा लागताच पोराने भोकाड पसरलं.

"बाबा, टोपी," देल्फिनाने हात पुढे केला.

अलिपियोने टोपी दिली. आयुष्यातला मोठा क्षण म्हणतात तो हाच, अशा थाटात दिली. देल्फिनाने काठ फाकवायला बोटं आत घातली आणि ती तशीच थांबली.

"बाबा, ही आतून ओलीचिंब आहे."

मग सिल्वेरियोच बोलला, दुसरं कोण बोलणार. "अरे देवा! नवरदेवाची टोपी सावकाश वाळते भिंतीवर, त्याला कुठं लगेच घालायची असते!"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं अंगण हसलं. नेस्तोर रडून निळा पडत होता. आपल्याच डोक्यावरची टोपी काढून पोराला घालावी, हे अलिपियोच्या मनात आलं, त्याचा हात वरही गेला. पण तोवर फिदेन्सियोने कंबरपट्ट्यात खोचलेली नेस्तोरची रोजची जुनी टोपी ओढून काढली होती. पोटाच्या उबेने ती गरम होती. ती त्याने पोराच्या डोक्यावर कानापर्यंत ओढली. पोराने दोन हुंदके दिले, टोपीचा शेंडा तोंडात घातला आणि गप्प झालं.

जेवणं सुरू झाली. अलिपियो कुंपणाच्या भिंतीशी एकटा बसला, शेजारी दगडावर ओली टोपी वाळत घातलेली. हिवाळाभर जिच्यासाठी मुठी आवळल्या ती तिथे पडली होती, आणि समोर नातू दुसऱ्याच्या टोपीत मासा खात होता. सातुर्नीनाने त्याला वाढून आणलं आणि या वेळी एक शब्द बोलली नाही. त्याला तेच जास्त लागलं.

फिदेन्सियो येऊन शेजारी बसला. पानांची पिशवी पुढे केली. अलिपियोने चिमूट उचलली. मग फिदेन्सियोने शालीखालून एक टोपी काढली. तांबडी, शेंड्यापर्यंत तांबडी, लग्न झालेल्या माणसाची.

"ही तुमची."

"माझी?"

"जत्रेत द्यायची होती, पण तुम्ही घाईत होता. हिवाळाभर हेच करत होतो." तो थोडा घुटमळला. "तुम्ही वरच्या बांधावरून बघत होता, म्हणून म्हटलं कळलंच असेल. तुम्ही रोज यायला लागलात तेव्हा देल्फिना म्हणाली, बाबांना टोपीची भारी घाई झालीय."

अलिपियोचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलला, "माप कुठनं मिळालं?"

"चर्चमध्ये टोपी काढून बसता ना. मी तुमच्या मागच्याच बाकावर असतो. तुमच्या उजव्या कानामागे जरा खोलगट आहे, तिथे दोन टाके कमी केलेत. नाहीतर फुगा येतो."

अलिपियोने टोपी घातली. कानामागे ती अशी बसली की जन्मापासून तिथेच असावी. आजवर त्याची स्वतःची टोपीसुद्धा तिथे फुगायची. हे त्याला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाला माहीत असेल असं कधी वाटलं नव्हतं.

"बरी आहे," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

सकाळी उजेड झाल्या झाल्या तो झऱ्यावर गेला. आजूबाजूला कुणी नाही बघून फिदेन्सियोची टोपी डोक्यावरून काढली, उलटी केली आणि झऱ्याखाली धरली. भरू दिली. उंच उचलून वाट बघत राहिला. हात भरून आला, बोटं गारठली. खाली एक थेंब नाही. त्याने बोट फिरवलं, मग सिल्वेरियोसारखा गाल लावला. हाडासारखी कोरडी.

माझी गळेल म्हणाला होता तो. सगळ्यांसमोर, आपल्या अंगणात, आपल्या नातवाच्या जावळाला, तो म्हणाला होता माझी गळेल. आणि तेव्हा ही टोपी त्याच्या शालीखाली होती. अलिपियोला काल हरल्याचं दुःख झालं होतं. आपण जिंकलो होतो तेही त्याने दिलेलं होतं, हे कळल्यावर मात्र तो झऱ्याच्या दगडावर बसलाच.

सातुर्नीना घागर घेऊन आली. नवऱ्याच्या हातात पाण्याने भरलेली टोपी बघून तिला काही विचारावं लागलं नाही, तरी तिने विचारलं, "गळली?"

"नाही."

"मग ओता ते पाणी. आता वाळेपर्यंत बसा बोडके."

अलिपियोने पाणी ओतलं. झऱ्याकडे बघतच तो म्हणाला, "आधी सिल्वेरियोची करतो. त्याचा कान गेला. मग..." तो अडखळला. "अगं, फिदेन्सियोचं डोकं केवढं असेल गं? मोठं आहे की लहान?"

सातुर्नीनाने घागर कंबरेवर घेतली. "मला काय विचारता? हिवाळाभर त्याच्याकडेच तर बघत होता तुम्ही."

अलिपियोने आठवून पाहिलं. त्याचं कोपर आठवलं, बोटं आठवली, तांबडा धागा आठवला. डोकं काही आठवेना.